आजोबा कधी गेले? : मृत्युपत्राच्या एका वादाचं प्रकरण

जून २०२२. पेरणीच्या तोंडावर पन्नाशीच्या एक बाई मुलाला घेऊन माझ्या सांगलीच्या ऑफिसात आल्या. पिशवीतून त्यांनी तीन कागद काढले. एक सातबारा, एक नोटरी केलेल्या मृत्युपत्राची झेरॉक्स आणि एक शंभराच्या स्टँपवरचा हक्कसोडीचा मजकूर. तिसऱ्या कागदावर धाकट्या बहिणीची सही होती, यांची जागा कोरी होती.

"वकीलसाहेब, सगळं भावांच्या नावावर लिहिलंय म्हणतात. मला वाटा आहे का नाही, एवढंच सांगा."

मी त्या दिवशी चुकीच्या कागदाकडे बघून उत्तर दिलं. त्यापायी त्या घराचं दीड वर्ष गेलं. वारसाहक्काची कामं करणाऱ्या नव्या वकिलांना आणि ज्यांच्या घरात असा कागद कपाटात पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितो आहे. पक्षकारांना विचारून लिहितो आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून गावाचं नाव टाळलं आहे, काही तपशील बदलले आहेत आणि हिशेब कळावा म्हणून क्षेत्राचे आकडे सरळ केले आहेत.

घर खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून फार लांब नाही. वडिलांना आपण आप्पा म्हणू. मागे त्यांची पत्नी, दोन मुलगे आणि दोन मुली. माझ्याकडे आलेल्या त्या थोरल्या मुलगी, आक्का. त्यांचं लग्न १९९१ चं. धाकट्या ताईंचं १९९८ चं. थोरला मुलगा चेन्नईत गलाईचं दुकान बघतो, धाकटा गावी शेती करतो.

विट्याच्या बाजूच्या माणसाला गलाई म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून देण्याचा हा धंदा. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली पोरं तो शिकून देशभर पांगली. आप्पाही विशीत मद्रासला गेले, नात्यातल्या एकाच्या भट्टीवर राबले, पुढे स्वतःचं दुकान टाकलं. त्या कमाईतून १९९६ साली गावात ३ एकर जमीन घेतली, नंतर चेन्नईत साहुकारपेठेच्या बाजूला एक फ्लॅट घेतला. वडिलोपार्जित जमीन ९ एकर, म्हणजे ३६० गुंठे. विट्यातल्या एका सहकारी बँकेत १४ लाखांची ठेव होती, तिला धाकट्या मुलाचं नामनिर्देशन. गावात राहतं घर. एवढी इस्टेट.

ती ९ एकर जमीन आप्पांच्या हयातीत बराच काळ कुणाच्या मोजदादीत नव्हती. पाऊस झाला तर ज्वारी-बाजरी, नाहीतर कुसळं. मग टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं. कराडजवळ कृष्णेतून उचललेलं पाणी या माळावर पोचलं आणि त्याच जमिनीत द्राक्षबाग उभी राहिली. आमच्या भागातल्या वाटणीच्या दाव्यांच्या तारखा आणि पाणी पोचल्याच्या तारखा शेजारी मांडून बघाव्यात असं मला कितीदा वाटलं आहे. कोरडवाहू जमिनीत बहिणीचा हिस्सा कुणी काढत नाही. तिलाही तो नको असतो, कारण बांधावरच्या बोरी-बाभळीपायी माहेर कोण तोडणार?

२०१८ मध्ये आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. मिरजेत उपचार झाले, बोलणं बऱ्यापैकी परत आलं, हात आला नाही. २०१९ मध्ये त्यांनी मृत्युपत्र केलं. सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा. लिहिणारा धाकट्याचा मित्र. दोन साक्षीदार, त्यातले एक २०२१ च्या कोरोनात गेले. नोंदणी नाही, नोटरी आहे. मजकूर असा की सगळी जमीन, फ्लॅट आणि घर दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं. १९९६ च्या खरेदीतले २० गुंठे गावच्या देवस्थानाला. मुलींची लग्नं थाटात करून दिली असल्याने त्यांचा कशावरही हक्क नाही. पत्नीबद्दल एक शब्द नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत आप्पा गेले. तेरावा झाला आणि चौदाव्या दिवशी हक्कसोडीचा कागद निघाला. "वारस लावायला सह्या लागतात" असं सांगून ताईंची सही घेतली गेली. आक्का म्हणाल्या, वाचल्याशिवाय करणार नाही. तेवढ्यावरून घरात बोलणं बंद झालं.

त्या कागदाबद्दल लगेच सांगून टाकतो, कारण तो मुद्दा छोटा आहे. स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीच्या शिक्क्याने तो हक्क सुटत नाही. मंडळ अधिकाऱ्यांनी त्या कागदावर फेरफार मंजूर करायला नकार दिला आणि सातबाऱ्यावर पाचही वारसांची नावं लागली. ताईंचा हिस्सा शाबूत राहिला. पण जिने विश्वासाने सही केली तिला तो कागद काय होता हे चार महिन्यांनी परक्या माणसाकडून, म्हणजे माझ्याकडून कळलं. ती खुर्चीत नुसती बसून राहिली. सुतकातल्या घरात बहिणीपुढे स्टँपपेपर ठेवण्याची ही रीत आपल्याकडे इतकी सर्रास आहे की ठेवणाऱ्यालाही त्यात वावगं वाटत नाही. मला वाटतं. त्या दिवसांत बाई हिशेबाच्या मनःस्थितीत नसते, आणि साडीचोळीच्या मानापुढे एकरांची भाषा काढायला तिची जीभ उचलत नाही, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं.

आता माझी चूक.

मृत्युपत्राची झेरॉक्स बघितली आणि मला त्यात एकामागून एक संशयाच्या जागा दिसल्या. ज्याला फायदा त्याच्याच मित्राने लिहिलेलं. सहीऐवजी अंगठा. आजारपणानंतरचं. डॉक्टरांचा दाखला नाही. पत्नीला वगळलं आणि कारण दिलेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात सांगितलं आहे की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तो संशय दूर करण्याची जबाबदारी ते पुढे करणाऱ्यावर असते. मृत्युपत्रावर काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाला हा निकाल पाठ असतो. मी ऑगस्ट २०२२ मध्ये दोन्ही भावांना नोटीस धाडली. मृत्युपत्र बनावट आहे, आप्पा शुद्धीत नसताना अंगठा घेतला आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं.

धाकट्याने चार वर्षं बापाचं हगणं-मुतणं काढलं होतं. त्याच्यासाठी ती नोटीस म्हणजे भावकीसमोर मारलेली थोबाडीत होती. तोवर तो "आक्काला काहीतरी द्यावं" असं म्हणत होता, हे मला पुढे कळलं. नोटीशीनंतर त्याने ते बोलणं सोडलं. आणि नंतर मिरजेच्या दवाखान्याचे कागद आले, त्यात आप्पा पूर्ण शुद्धीवर, माणसं ओळखणारे, विचारलेल्याला नीट उत्तर देणारे, अशी नोंद होती. हयात साक्षीदारही ठाम होता: आप्पांनी स्वतः मजकूर सांगितला, मी समोर होतो. म्हणजे मृत्युपत्र बनावट नव्हतं. ते चुकीचं होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मी नोटीस लिहिण्याआधी बघायला हवं होतं.

चुकीचं कसं? आप्पांनी जे दिलं त्यातलं सगळं त्यांचं नव्हतंच.

२०२३ मध्ये विट्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा दाखल केला. भावांच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, दोन बचाव आले. पहिला, २००१ साली आप्पांनी मुलांमध्ये तोंडी वाटप करून दिलं होतं. दुसरा, आक्कांचं लग्न १९९४ च्या आधीचं, त्यामुळे त्यांना हिस्सा नाही.

दुसरा बचाव आमच्याकडे गावोगाव ऐकू येतो आणि तो हवेतून आलेला नाही. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी, २२ जून १९९४ पासून, मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला होता. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. लोकांच्या डोक्यात ते "चौऱ्याण्णवच्या आधीची" पक्कं बसलं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ मधली केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि तिच्यात लग्न कधी झालं हा प्रश्नच उरला नाही. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, वडील २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही. त्याच निकालाने तोंडी वाटपाचीही वाट अरुंद केली. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली खरी वाटणी टिकते, पण नुसतं "तोंडी झाली होती" म्हणून चालत नाही, तिला सरकारी कागदाचा आधार लागतो. इथे २००१ नंतरही सातबारा आप्पांच्या एकट्याच्या नावे, पीककर्ज त्यांच्या नावे, शेतसारा त्यांच्या नावे. तोंडी वाटप टिकणार नव्हतं.

मी निश्चिंत झालो होतो. तेवढ्यात भावांच्या वकिलांनी एक प्रश्न टाकला आणि माझी झोप उडाली: "ही जमीन आप्पांकडे आली कधी?"

कायद्याचा हा सांधा सामान्य माणसाला सहसा कुणी उलगडून सांगत नाही, म्हणून थोडा थांबतो. आपण "वडिलोपार्जित" म्हणतो तेव्हा आजोबांकडून आलेली जमीन एवढंच मनात असतं. कायद्याला आणखी एक गोष्ट लागते. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ ला लागू झाला. त्यानंतर आजोबांची स्वतःची मिळकत कलम ८ प्रमाणे वारसाने मुलाकडे आली, तर ती त्या मुलाची स्वतंत्र मिळकत होते, तिच्यात नातवंडांना जन्मतः हक्क येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हे स्पष्ट केलं. पण आजोबा १९५६ च्या आधी गेले असतील तर जुनं हिंदू शास्त्र लागू होतं. मुलाच्या हातातली ती मिळकत त्याच्या मुलाबाळांसकट एकत्र कुटुंबाची राहते.

म्हणजे सगळा दावा आजोबांच्या मृत्यूच्या सालावर येऊन थांबला. १९५६ नंतर गेले असतील तर ९ च्या ९ एकर आप्पांची स्वतंत्र ठरू शकत होती, मृत्युपत्र शाबित झालं की आक्कांना आणि ताईंना शून्य. आधी गेले असतील तर मृत्युपत्र कितीही खरं असलं तरी त्या जमिनीतल्या आप्पांच्या हिश्श्यापलीकडे ते जाऊ शकत नव्हतं. आणि मी दीड वर्ष अंगठ्याचा ठसा न्याहाळत बसलो होतो.

आजोबांच्या मृत्यूचा दाखला नव्हता. आप्पांचे चुलते नव्हते. सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक मागे मागे नेत, तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुन्या नोंदवहीची नक्कल मागवली. दोन महिने गेले. हाती आली ती पिवळ्या कागदावरची बोरूच्या वळणाची नोंद, वर जिल्हा "दक्षिण सातारा". आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये साताऱ्यापासून वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव तेच होतं, सांगली हे नाव १९६० चं. नोंदीचं साल १९५३. खातेदार मयत, वारस मुलगा एक, वय ७ वर्षे, अज्ञान म्हणजे अल्पवयीन, अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता मामा.

सात वर्षांचं अनाथ पोर. आप्पांच्या सगळ्या आयुष्याचा अर्थ मला त्या ओळीत लागला. "मी माझ्या मनगटावर उभा राहिलो, सगळं माझं आहे, मी कुणालाही देईन" असं ते म्हणत, असं आक्का सांगत होत्या. त्यांच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. पण ती ९ एकर त्यांना मिळाली तेव्हा ते बाराखडीही शिकले नसतील.

नक्कल घेऊन मी आक्कांना दाखवली. त्या म्हणाल्या, "आईला माहीत होतं की. तिच्या लग्नात तिकडून मामाच उभे होते. सासरा तिनं बघितलाच नाही." पंचाहत्तरीची ती माऊली पहिल्या दिवसापासून घरात होती. मी विचारलं नाही, भावांच्या वकिलांनी विचारलं नाही, कुणीच विचारलं नाही. ती दाव्यात प्रतिवादी क्रमांक तीन होती आणि तिच्या वतीने मुलांच्याच वकिलांनी पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली होती, "प्रतिवादी एक व दोन यांच्या कैफियतीप्रमाणे".

१९५३ च्या नोंदीनंतर हिशेब मांडता आला. हा हिशेब कसा करायचा हे ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या सांगलीतूनच गेला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. साठच्या दशकात सांगलीच्या न्यायालयात एका विधवेने घरातल्याच माणसांविरुद्ध वाटणीचा दावा लावला. तोच पुढे गुरुपाद विरुद्ध हिराबाई म्हणून गाजला आणि १९७८ मध्ये न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी त्यात निकाल दिला. रीत अशी: माणूस गेला त्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, त्याचा हिस्सा काढायचा, आणि मग तो हिस्सा वारसांत वाटायचा. त्या वाटणीत पत्नीचाही हिस्सा निघतो. हिराबाईंना त्या रीतीने चोवीसातले सात भाग मिळाले.

आमच्या प्रकरणात आप्पा, त्यांची पत्नी, दोन मुलगे, दोन मुली असे सहा हिस्से. ३६० गुंठ्यांतले प्रत्येकी ६०. आप्पांना मृत्युपत्राने देता येत होते ते त्यांचे ६० गुंठेच. मृत्युपत्र खरं धरलं तर ते ६० दोघा मुलांना, म्हणजे मुलगे ९०-९०, आई आणि दोन्ही मुली ६०-६०. मृत्युपत्र खोटं धरलं तर आप्पांचे ६० पाच वारसांत १२-१२, म्हणजे सगळ्यांना ७२. ज्या कागदावरून बहीण-भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद झाले, त्या कागदाने वडिलोपार्जित जमिनीत आक्कांना पडणारा फरक १२ गुंठ्यांचा होता. आणि कागद खरा असो की खोटा, आईचे किमान ६० गुंठे होतेच, ज्यांचा उच्चार दोन वर्षांत एकाही अर्जात झाला नव्हता.

१९९६ ची ३ एकर मात्र आप्पांच्या कमाईची. तिथे मृत्युपत्र शाबित झालं असतं तर मुलींना काही नव्हतं. ते शाबित करायला निदान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावा लागतो. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६८, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमातलं कलम ६७. एक साक्षीदार हयात होता. मी आक्कांना सांगितलं, या तुकड्यात आपली बाजू कच्ची आहे.

बँकेच्या ठेवीचं उलटं होतं. धाकट्याने नामनिर्देशनावर १४ लाख उचलले होते आणि "माझं नाव होतं म्हणून मला मिळाले" असं तो मनापासून समजत होता. त्याला दोष देववत नाही. बँकेच्या खिडकीवरही बहुतेकदा असंच सांगितलं जातं. नामनिर्देशित माणूस पैसे ताब्यात घेतो, बँक मोकळी होते, पण मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्याला दिलं त्याची. आयुर्विमा पॉलिसीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हेच ठरवलं होतं, मात्र तिथे २०१५ च्या दुरुस्तीने पत्नी-मुलांसारख्या जवळच्या नामनिर्देशितांपुरतं चित्र बदललं; शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. मृत्युपत्रात ठेवीचा उल्लेख नव्हता, म्हणून ती पाच जणांत समान. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन टक्केवारीसकट करता येतं. सोय चांगली आहे, पण त्या टक्क्यांना लोक वाटणी समजतील अशी मला भीती वाटते. फॉर्मवरचे टक्के आणि मृत्युपत्रातले हिस्से जुळवून घ्या, एवढंच सांगतो.

फ्लॅटने वेगळाच पेच घातला. सांगलीत मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, लागत नाही, हे आमच्याकडच्या वकिलांना इतकं अंगवळणी पडलं आहे की मिळकत दुसरीकडे असली की आम्ही चुकतो. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई शहरांतल्या स्थावराला भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ प्रमाणे हिंदू माणसाच्या मृत्युपत्रालाही प्रोबेट सक्तीचं होतं. गलाईवाल्यांच्या घरांत हा प्रश्न हमखास येतो: माणूस विट्याचा, मृत्युपत्र विट्यात, फ्लॅट चेन्नईत. आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयाने दिलेलं प्रोबेट राज्याबाहेरच्या मोठ्या मिळकतीला पुरत नाही, त्यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागतं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ काढून टाकलं. आमची तडजोड त्याआधी झाली होती, त्यामुळे आम्ही दुसरी वाट घेतली: फ्लॅटपुरतं मृत्युपत्र बाजूला ठेवायचं आणि बाकीच्या वारसांनी थोरल्याच्या नावे नोंदणीकृत हक्कसोड करायची. यावेळी हक्कसोडीचा कागद बहिणींना आठ दिवस आधी मिळाला.

तडजोडीकडे कसे आलो ते सांगतो. १९५३ ची नक्कल मी न्यायालयात दाखल करण्याआधी भावांच्या वकिलांकडे पाठवली आणि सोबत नोटीशीतला बनावटपणाचा आरोप लेखी मागे घेतला. आक्कांनी त्याला होकार द्यायला तीन दिवस घेतले. धाकट्याचा फोन चौथ्या दिवशी आक्कांना आला, दोन वर्षांनी पहिल्यांदा. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. मध्यस्थी केंद्रात पाच बैठका झाल्या. पहिल्याच बैठकीत मध्यस्थ बाईंनी आईला बोलावून घेतलं आणि तिला स्वतंत्र वकील मिळाल्याशिवाय पुढे जायला नकार दिला. मी इतकी वर्षं वकिली करतो आहे, ही साधी गोष्ट मला सुचायला हवी होती.

"तुम्हाला काय पाहिजे?" या प्रश्नाला आई म्हणाली, "माझ्या नावावर पाहिजे. कसायला पोरं हायतच. पण नाव माझं."

थोरला म्हणाला, "आई, तुला काय करायचंय नावाचं?" तिने उत्तर दिलं नाही. पण मागेही हटली नाही.

सप्टेंबर २०२५ च्या लोकअदालतीत तडजोड झाली. वडिलोपार्जित ३६० गुंठे मृत्युपत्र खरं धरून: मुलगे ९०-९०, आई ६०, आक्का ६०, ताई ६०, बागेचं, विहिरीचं आणि पाइपलाइनचं सरस-निरस बघून. खरेदीच्या १२० गुंठ्यांतले २० देवस्थानासाठी राखून, ६० धाकट्याला, ४० थोरल्याला. फ्लॅट थोरल्याला, त्याबदली त्याने दोन्ही बहिणींना प्रत्येकी ४ लाख द्यायचे. ठेवीचे पैसे पाच जणांत समान, प्रत्येकी २ लाख ८० हजार. घरात आईचा हयातभर राहण्याचा हक्क लिहून घेतला. आक्कांनी आपल्या हिश्श्यातली द्राक्षबाग धाकट्याकडेच कसायला ठेवली, वर्षाच्या खंडाने, लेखी करार करून. लेखी हा त्यांचाच आग्रह.

देवस्थानाच्या २० गुंठ्यांचं घोडं अजून अडलं आहे. गावकऱ्यांनी त्या जागेवर आप्पांच्या हयातीतच पत्र्याचा सभामंडप घातला होता, तोंडी शब्दावर. देवस्थान नोंदणीकृत सार्वजनिक न्यास आहे. पण सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा, उतारा काढला तर त्यावर पाच विश्वस्त, त्यातले चार मयत, पाचवे अंथरुणाला खिळलेले. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत कलम २२ प्रमाणे बदल अर्ज द्यायचा असतो; इथे कित्येक वर्षांत एकही दिलेला नाही. देवळाचा कारभार रोज चालतो, पालखी निघते, वर्गणी जमते, आणि कायद्याच्या नजरेत जमीन स्वीकारायला तिथे माणूसच नाही. शिवाय शेतजमीन शेतकरी नसलेल्या संस्थेला देताना कुळकायद्याच्या कलम ६३ चा अडसर आहे. मृत्युपत्राने दिली तर तो अडसर लागत नाही असं पूर्वी अनेक जण मानत. गुजरातला लागू असलेल्या त्याच कायद्याबद्दल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलट सांगितल्यापासून तसं मानून चालणं धोक्याचं आहे. म्हणून क्रम असा लावला आहे: आधी उशीर माफीच्या अर्जासह बदल अर्ज, मग नव्या विश्वस्तांचा ठराव, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगी. तोवर ते २० गुंठे दोन्ही भावांच्या नावावर, देवस्थानासाठी राखीव अशा नोंदीने. गावच्या मंडळींना हे पटवायला दोन सभा घ्याव्या लागल्या. "देवाला पण वारस लावायचा का?" असं एका आजोबांनी विचारलं. हो, एका अर्थाने तसंच.

मोजणी झाली, आईच्या नावचा स्वतंत्र सातबारा निघाला. तिला मृत्युपत्र करायचं होतं. मी आक्कांचा वकील, त्यामुळे ते काम मी घेणं बरोबर नव्हतं. विट्यातल्या दुसऱ्या वकिलांकडे तिला पाठवलं. दोन्ही मुलगे तिला गाडीतून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात घेऊन गेले. तिने दोघांनाही बाहेर बसायला सांगितलं. डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला जोडला, साक्षीला नात्याबाहेरची दोन तरुण माणसं घेतली, दस्त नोंदवला.

आत कुणाला काय दिलं आहे ते तिच्या चारही मुलांना ठाऊक नाही. एक गोष्ट मात्र तिने आक्कांना सांगितली. वकिलांनी मजकूर वाचून दाखवायला घेतला तेव्हा तिने त्यांना थांबवलं आणि म्हणाली, "आधी वर लिहा, माझे सासरे त्रेपन्न साली वारले. मग पुढचं."